बार्सिलोना क्लबचे बोधचिन्ह : उगम आणि अर्थ

१

बोधचिन्हाचा अर्थ विचारला असता त्याचा उगम सांगावयाचा, ही रीत क्रीडाविषयक लेखनात सर्वत्र रूढ आहे. चिन्हाचे भाग सुटे करावयाचे, प्रत्येक भाग कोठून आला ते नमूद करावयाचे, आणि या नोंदींची बेरीज म्हणजेच चिन्हाचा अर्थ असे मानून थांबावयाचे, असा तिचा क्रम असतो. बार्सिलोना या फुटबॉल क्लबच्या चिन्हाविषयी जे लिहिले जाते त्यातील बराच भाग या पद्धतीचा आहे. ढालीच्या आकाराच्या या चिन्हात पाहणाऱ्याच्या डाव्या हातास वर पांढऱ्या भूमीवरील तांबडा क्रूस आहे. तो संत जॉर्जचा. उजवीकडे पिवळ्या भूमीवर चार तांबडे उभे पट्टे आहेत; ते कॅटलोनियाचे. मधल्या पट्टीवर क्लबच्या नावाची तीन आद्याक्षरे, एफ, सी आणि बी, आणि खाली निळ्या-किरमिजी पट्ट्यांवर चेंडू. या यादीत चूक काही नाही. तथापि ती वाचून एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. २०१८ साली क्लबच्या कार्यकारी मंडळाने यातील तीन आद्याक्षरे गाळण्याचे ठरविले, तेव्हा ती अक्षरे राखण्यासाठी सभासदांनी एवढा आग्रह का धरावा? क्रूसाला संत आहे, पट्ट्यांना राजवंश आहे; अक्षरांना तर उगमाचे असे काहीच वैभव नाही. मग सर्वात रुक्ष भागच सर्वात जिव्हाळ्याचा कसा ठरला?

हा प्रश्न एका क्लबपुरता नाही. उगम आणि अर्थ यांचा संबंध काय, हा प्रतीकमीमांसेतील मूलभूत प्रश्न येथे एका मर्यादित, कालक्रम स्पष्ट असलेल्या उदाहरणात तपासता येतो. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

२

या तपासणीस लागणारी परिभाषा आपल्या साहित्यशास्त्रात तयार आहे. 'कुशल' या शब्दाचा व्युत्पत्तीने अर्थ दर्भ तोडणारा असा होतो. वापरात तो निपुण या अर्थाने येतो. मम्मटाने हे लक्षणेचे उदाहरण म्हणून घेतले. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला, आणि त्याच्या आक्षेपाचे मर्म असे की शब्दाचे व्युत्पत्तिनिमित्त वेगळे आणि प्रवृत्तिनिमित्त वेगळे. शब्द कसा घडला हा एक प्रश्न; तो कशाच्या आधारे वापरला जातो हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. 'पंकज' या शब्दात तर दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. चिखलात जन्मणारे पुष्कळ असते, परंतु त्यातील कमळालाच तो शब्द लागतो. म्हणून त्यास योगरूढ म्हणतात.

बोधचिन्ह हा शब्द नव्हे, हे मान्य केले पाहिजे. शब्दाची रूढी नकळत घडते; चिन्ह कोणीतरी ठरवून स्वीकारतो, त्यात फेरफार करतो किंवा करावयास भाग पाडतो. हा भेद गौण नाही. किंबहुना चिन्हाच्या बाबतीत रूढी कोणत्या क्षणी आणि कोणाच्या हातून बदलली हे पुष्कळदा तारखेनिशी सांगता येते, म्हणूनच हे उदाहरण अभ्यासास सोयीचे आहे.

३

क्लबची स्थापना २९ नोव्हेंबर १८९९ रोजी झाली. पुढाकार घेणारा हान्स गांपर हा स्वित्झर्लंडमधून आलेला तरुण. फुटबॉल खेळू इच्छिणाऱ्यांनी संपर्क साधावा अशी जाहिरात त्याने ऑक्टोबर महिन्यात एका क्रीडापत्रात दिली होती. जमलेल्या मंडळींत स्विस होते, इंग्रज होते, आणि स्थानिकही होते. परदेशी लोकांचा एवढा भरणा असलेल्या या मंडळाने स्वतःचे चिन्ह निर्माण केले नाही. बार्सिलोना शहराचेच मुद्राचिन्ह वापरण्यास घेतले. ते शंकरपाळ्याच्या आकाराचे होते. त्याच्या चार भागांत क्रूस व पट्टे आलटून पालटून, वर मुकुट, मुकुटावर पंख पसरलेले वटवाघूळ, आणि दोन्ही बाजूंस लॉरेल व पाम यांच्या फांद्या, अशी त्याची रचना होती. आम्ही या शहरातले आहोत, एवढे सांगणे हाच येथे हेतू दिसतो. आणि बाहेरून आलेल्या माणसांना ते सांगण्याची गरज अधिक असते.

१९०८ साली क्लब मोडण्याच्या बेतात आला होता. गांपरने अध्यक्षपद स्वीकारून तो सावरला. त्यानंतर दोन वर्षांनी, १९१० साली, क्लबने स्वतःच्या चिन्हासाठी सभासदांत स्पर्धा ठेवली. क्लबचा खेळाडू आणि वैद्यकाचा विद्यार्थी असलेल्या कार्लेस कोमामाला याच्या आराखड्याला पसंती मिळाली. आजच्या चिन्हाची मांडणी मूलतः त्याचीच. शहराच्या चिन्हातील क्रूस व पट्टे त्याने ठेवले. मुकुट, वटवाघूळ आणि फांद्या गेल्या. नावाची आद्याक्षरे, क्लबचे रंग आणि चेंडू आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वटवाघूळ हे त्या प्रदेशाच्या मुद्राचिन्हांतले मानाचे चिन्ह होय. व्हॅलेन्सिया शहराच्या फुटबॉल क्लबने ते आजतागायत मिरविले आहे. बार्सिलोनाच्या चिन्हातून मात्र ते १९१० साली गेले आणि त्याचा सल कोणाच्या मनात राहिला नाही. उगमाच्या प्राचीनतेवरच अर्थाचे वजन अवलंबून असते, तर हे असे होते ना. वटवाघूळ सभासदांनी आपण होऊन सोडले. कोणी हिरावून घेतले नाही. या भेदाकडे पुढे परत यावे लागेल.

रंगांच्या बाबतीत उगमाचा शोध आणखीच निष्फळ ठरतो. कॅटलान भाषेत 'ब्लाउ' म्हणजे निळा व 'ग्राना' म्हणजे किरमिजी. या दोहोंच्या जोडशब्दाने आज क्लबचे अनुयायी ओळखले जातात. हे रंग कोठून आले याविषयी निरनिराळ्या कथा आहेत. गांपर बाझल येथील क्लबात खेळला होता, त्या क्लबचे रंग हेच, असे एक मत. क्लबातील विटी बंधू इंग्लंडमधील ज्या शाळेत शिकले तिचे हे रंग, असे दुसरे. हिशेबनिसाच्या निळ्या-तांबड्या पेन्सिलीवरून ते सुचले, असे तिसरे. तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे: उगम कॅटलोनियाबाहेरचा अथवा निव्वळ योगायोगाचा आहे. आणि यांपैकी कोणतेही मत उद्या सिद्ध झाले तरी त्या रंगांच्या आजच्या अर्थात तिळमात्र फरक पडणार नाही.

४

पट्ट्यांची गोष्ट निराळी वाटते, कारण त्यांना कथा आहे. नवव्या शतकातील काउंट गिफ्रे युद्धात जखमी झाला. फ्रँक सम्राटाने त्याच्या रक्तात बोटे बुडवून त्याच्या सोनेरी ढालीवर चार रेघा ओढल्या. तेच हे पट्टे, अशी ती कथा. गिफ्रेचा मृत्यू ८९७ सालचा. युरोपात ढालीवरील कुलचिन्हांची पद्धती बाराव्या शतकात आकारास आली, आणि या पट्ट्यांचा पुरावा त्याच शतकाच्या मध्यास रामोन बेरेंगेर चौथा याच्या मुद्रेवर सापडतो. कथा त्याहूनही उशिराची. सोळाव्या शतकातील इतिवृत्तकार बेउतेर याच्या ग्रंथातून ती प्रसृत झाली. म्हणजे रक्ताची कथा पट्ट्यांच्या मागून आली. अर्थ आधीच जड झालेला होता. त्याला शोभेल असा उगम नंतर शोधण्यात आला. ज्यांना उगमातच अर्थ दिसतो त्यांनी हा उलटा प्रवास विचारात घ्यावा.

परंतु क्लबच्या चिन्हातील पट्ट्यांना जो विशिष्ट अर्थ आला तो नवव्या शतकातून आला नाही, बाराव्यातूनही नाही. १९१० साली ते शहराच्या चिन्हातून उचललेले होते, आणि त्या काळी कॅटलोनियात दुकानदारांच्या संघापासून गायकवृंदापर्यंत कोणतीही संस्था ते सहज वापरू शकत होती. पुढील तीन दशकांत परिस्थिती पालटली. १९२५ साली, प्रिमो दे रिव्हेराच्या हुकूमशाहीत, क्लबच्या मैदानावर जमलेल्या लोकांनी स्पेनच्या राजगीताच्या वेळी शिट्ट्या वाजविल्या. शासनाने मैदान बंद केले व गांपरला अध्यक्षपद सोडावे लागले. १९३६ साली यादवी युद्धाच्या प्रारंभी क्लबचा अध्यक्ष जोझेप सुन्योल फ्रँकोच्या सैनिकांच्या हातून मारला गेला. युद्धानंतर १९४१ साली चिन्हातील चार पट्टे जाऊन त्यांच्या जागी दोन आले.

या बदलाकडे बारकाईने पाहिले पाहिजे. पिवळ्या भूमीवर दोन तांबडे पट्टे, ही स्पेनच्या राष्ट्रध्वजाचीच रचना. केवळ आडवी असावयाची ती येथे उभी. चिन्हाचा कोपरा पुसून टाकला असता तर रिकामी जागा तरी बोलली असती. येथे जागा भरलेली ठेवून तिच्यातील वाक्य बदलण्यात आले. चार हा आकडा त्या क्षणापर्यंत मोजण्याची गरज कोणास पडली नव्हती. १९४१ नंतर पट्टे मोजले जाऊ लागले असणार. १९४९ साली क्लबच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात चार पट्टे परत आले. परत आलेले चार पट्टे आणि १९१० चे चार पट्टे यांत दृष्टीस दिसणारा भेद नाही. अर्थात मात्र आहे. पहिले शहराच्या चिन्हातून आलेले होते, दुसरे परत मिळालेले होते. व्युत्पत्ती एकच, प्रवृत्ती दोन.

५

आता अक्षरांकडे वळू. १९४१ साली पट्ट्यांबरोबर नावही बदलले. परकीय भाषेतील नावे क्लबांनी टाकून द्यावीत असा शासनाचा आदेश होता. त्यानुसार बिल्बाओचा 'अ‍ॅथलेटिक' क्लब 'अत्लेतिको' झाला. खिखोनच्या व सांतांदेरच्या क्लबांना आपापल्या नावांतील 'स्पोर्टिंग' व 'रेसिंग' हे शब्द सोडावे लागले. बार्सिलोनाचा 'फुटबॉल क्लब' हा 'क्लुब दे फुटबोल' झाला, आणि पट्टीवरील पहिल्या दोन अक्षरांनी जागा बदलल्या: एफ-सी-बी ऐवजी सी-एफ-बी.

मराठी वाचकास या अदलाबदलीचे महत्त्व चटकन जाणवत नाही, कारण मराठीतही विशेषण आधी आणि विशेष्य नंतर येते. 'फुटबॉल क्लब' ही जोडी आपल्या कानास सरळ वाटते. स्पॅनिश भाषेत 'फुटबॉलचा क्लब' म्हणावयाचे तर 'क्लब' आधी येतो. पण कॅटलान भाषेतही तो आधीच येतो. म्हणजे 'फुटबॉल क्लब' हा क्रम कॅटलान नाही, इंग्रजी आहे. इंग्रजांच्या खेळाबरोबर आलेला आणि १८९९ च्या संस्थापकांना साहजिक वाटलेला. आदेशाच्या शब्दार्थाने पाहिले तर शासनाचे म्हणणे खरेच होते: नाव परकीय होते. परंतु आदेशाचा परिणाम असा झाला की जे परकीय होते तेच आपले ठरले. इंग्रजी शब्दक्रमाची ही तीन अक्षरे, स्पॅनिश शब्दक्रमाच्या सक्तीविरुद्ध, कॅटलान स्वत्वाची खूण बनली. कॅटलान व्याकरणाने जो क्रम कधी सुचविला नसता तो कॅटलान माणसाने जपला.

चिन्हाच्या इतिहासातील सर्वात बोलका कालखंड १९४९ ते १९७४ हा, असे आमचे मत आहे, आणि त्याकडे सर्वात कमी लक्ष दिले गेले आहे. या पंचवीस वर्षांत पट्टे चार होते आणि अक्षरे मात्र आदेशाच्या क्रमाने होती. एकाच ढालीवर वरच्या कोपऱ्यात जे परत मिळाले ते, आणि मधल्या पट्टीवर जे मिळाले नाही ते, अशी ही संमिश्र अवस्था होती. याच अवधीत, १९६८ साली, अध्यक्षपद स्वीकारताना नार्सिस दे कारेरास याने हा क्लब केवळ क्लब नसून त्याहून काही अधिक आहे अशा आशयाचे उद्गार काढले, आणि ते पुढे क्लबचे ब्रीद झाले. त्या 'अधिक' ची व्याख्या त्या काळात उघडपणे करणे शक्य नव्हते. अपुरे राहिलेले चिन्ह आणि अपुरे राहिलेले विधान एकमेकांस पूरक होते. १९७४ साली, फ्रँको हयात असतानाच, क्लबला मूळ नाव व अक्षरांचा मूळ क्रम परत मिळाला. नाव आता कॅटलान लेखनपद्धतीने लिहिले गेले. क्रम इंग्रजीच राहिला.

६

एवढ्यावरून दडपणामुळेच चिन्हास अर्थ प्राप्त होतो असा सरळ सिद्धांत मांडण्याचा मोह होईल. तो मोह आवरावा, यासाठी प्रतिस्पर्धी क्लबचे चिन्ह तपासणे उपयुक्त आहे. माद्रिदच्या क्लबला १९२० साली अल्फोन्सो तेरावा या राजाकडून 'रेआल' म्हणजे राजमान्य ही पदवी मिळाली आणि चिन्हावर मुकुट आला. १९३१ साली प्रजासत्ताक स्थापन होताच मुकुट गेला व कास्तिल प्रांताची म्हणून जांभळट पट्टी चिन्हात आली. १९४१ साली, म्हणजे बार्सिलोनाचे दोन पट्टे गेले त्याच वर्षी, माद्रिदचा मुकुट परत आला.

या योगायोगावरून एकास शिक्षा व दुसऱ्यास बक्षीस असे चित्र रंगविणे सोपे आहे. परंतु मुकुट परत आला तरी १९३१ ची पट्टी काढण्यात आली नाही. प्रजासत्ताकाच्या ध्वजातील तिसरा पट्टाही जांभळाच होता, आणि तोही कास्तिलच्याच नावावर सांगितला जात असे. प्रजासत्ताकाचा नाश करणाऱ्या राजवटीला प्रजासत्ताकाच्या काळात चिन्हावर आलेली ही पट्टी खुपली नाही. म्हणजे सत्ता प्रत्येक खूण वाचतेच असे नाही. आणि जी खूण कोणी वाचली नाही, जिच्यासाठी कोणी भांडले नाही, ती केवळ रचनेचा भाग होऊन राहते. माद्रिदच्या पट्टीचा उगम राजकीय दृष्ट्या बार्सिलोनाच्या अक्षरांहून कितीतरी अधिक स्फोटक होता. आज तिचा अर्थ जवळजवळ निवाला आहे. अक्षरांचा उगम सामान्य होता आणि अर्थ तीव्र झाला.

तेव्हा केवळ बदल पुरेसा नाही. बदल लादलेला असावा लागतो, तो लादणाऱ्याने व सोसणाऱ्याने दोघांनीही ओळखलेला असावा लागतो, आणि त्याची आठवण धरून ठेवणारा समाज असावा लागतो. या तीन अटी जेथे जुळतात तेथे उगमाने न दिलेला अर्थ चिन्हास मिळतो.

७

२००२ साली क्लारेत सेराइमा या रेखनकाराने चिन्हाची रेषा नीटस केली व अक्षरांमधील बिंदू काढून टाकले. याविषयी वादळ उठले नाही. २०१८ च्या सप्टेंबरात मंडळाने जो नवा आराखडा जाहीर केला त्यात अक्षरेच नव्हती. पट्टे कमी करून चेंडू ठळक केलेला होता. लहान पडद्यावर चिन्ह स्वच्छ दिसावे व जगभर ते सहज ओळखले जावे, अशी त्यामागील भूमिका होती. ऑक्टोबरमधील सभेपुढे सभासदांचा विरोध इतका स्पष्ट झाला की मंडळाला प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

मंडळाची भूमिका अडाणीपणाची नव्हती. नावाविना ओळखू येते ते चिन्ह यशस्वी, हे रेखनकलेतील तत्त्व योग्यच आहे. अक्षरे केवळ नाव कळविण्यासाठी असतील तर ती अनावश्यक होती, कारण बार्सिलोनाचे नाव कोणास कळवावयाचे राहिले आहे? पण येथेच मंडळाने व्युत्पत्तिनिमित्ताला प्रवृत्तिनिमित्त समजण्याची चूक केली. १९१० साली अक्षरे नाव कळविण्यासाठी घातली गेली, हे खरे. १९७४ नंतर ती नाव कळविण्यासाठी उरली नव्हती. नाव परत घेतल्याची ती पावती होती. पावतीवरील मजकूर पाठ झाला म्हणून ती कोणी फाडून टाकीत नाही.

वर राखून ठेवलेला मुद्दा येथे पुरा होतो. १९१० चा बदल सभासदांच्या स्पर्धेतून झाला आणि वटवाघूळ निमूटपणे गेले. १९४१ चा बदल बाहेरून आला आणि गेलेले परत मिळेपर्यंत विसरले गेले नाही. २०१८ चा बदल क्लबमधूनच, पण वरून आला. आणि हा क्लब सभासदांच्या मालकीचा असल्यामुळे तो थांबविण्याचे साधन सभासदांच्या हाती होते. ज्या क्लबांची मालकी एका धनिकाकडे वा कंपनीकडे असते तेथील अनुयायांजवळ आठवण असली तरी असे साधन नसते. चिन्हाच्या अर्थाची चर्चा म्हणूनच अखेरीस ते बदलण्याच्या अधिकाराच्या चर्चेपाशी येऊन ठेपते.

८

या विवेचनावरून उगमाचा शोध व्यर्थ आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. अक्षरांचा क्रम इंग्रजी आहे हे उगमाच्या शोधाविना कळले नसते, आणि ते कळले नसते तर त्या क्रमास आलेल्या अर्थाचे नवलही कळले नसते. उगम हा अर्थ मोजण्याचा आरंभबिंदू आहे. तेथून चिन्ह किती दूर आले यावरून त्याच्या इतिहासाचे माप घेता येते. चूक होते ती आरंभबिंदूलाच मुक्काम समजण्यात.

प्रतीकांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने यावरून पद्धतीविषयी एक नियम घ्यावा. चिन्ह हाती आले असता हे कशापासून आले असे विचारावे. परंतु त्याबरोबरच यातील काय केव्हा काढले गेले, कोणी काढले, आणि काय परत आणण्यासाठी कोण झटले असेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुलचिन्हांच्या कोशात सापडते. दुसऱ्यासाठी आदेश, सभावृत्ते आणि जुन्या मुद्रा एकमेकांशेजारी ठेवून वाचाव्या लागतात. बार्सिलोनाच्या ढालीवर संत जॉर्जचा क्रूस आहे, पण तोच क्रूस इंग्लंडच्या ध्वजावर आणि जेनोआच्या क्लबच्या चिन्हातही आहे. पट्टे आहेत, पण ते अ‍ॅरागॉनचेही आहेत. त्या ढालीवर सर्वस्वी तिचे स्वतःचे असे जे आहे, ते एका परक्या भाषेच्या क्रमाने लिहिलेल्या तीन अक्षरांत आहे.